इ. स. १९५७ चा हिंदी चित्रपट : प्रकारभेद आणि निर्वहण

चित्रपटाच्या इतिहासात काही वर्षांना निव्वळ कालगणनेपलीकडचे महत्त्व प्राप्त झालेले दिसते. हिंदी चित्रपटाच्या बाबतीत इ. स. १९५७ हे असे वर्ष होय. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गुरुदत्त यांचा 'प्यासा' प्रदर्शित झाला. स्वातंत्र्याला दहा वर्षे पूर्ण होत असता, १५ ऑगस्ट रोजी, बी. आर. चोप्रा यांचा 'नया दौर' आला, दिवाळीच्या सुमारास मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' आला, आणि व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हाही त्याच वर्षीचा. यांपैकी शांतारामांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले व १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. 'मदर इंडिया'ला अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिकासाठी परभाषी चित्रपटांच्या गटात नामांकन मिळाले. 'प्यासा'ची कीर्ती मात्र मुख्यतः गुरुदत्त यांच्या निधनानंतर, म्हणजे १९६४ नंतर, देशाबाहेर पसरली.

या वर्षाचे जे पुनरावलोकन सामान्यतः केले जाते ते या चार चित्रपटांपाशी थांबते. उरलेले चित्रपट 'करमणूक' या एका शब्दाखाली एकत्र बांधले जातात. विजय आनंद यांचा पहिला चित्रपट 'नौ दो ग्यारह', नासिर हुसेन यांचा पहिला चित्रपट 'तुमसा नहीं देखा', सुबोध मुखर्जी यांचा 'पेइंग गेस्ट' आणि हृषीकेश मुखर्जी यांचा पहिला चित्रपट 'मुसाफिर' हे सर्व याच वर्षीचे. एकाच वर्षात तीन दिग्दर्शकांनी पदार्पण करावे आणि पुढील दोन-तीन दशकांच्या हिंदी चित्रपटाला त्या तिघांनी तीन निराळी वळणे द्यावीत, ही गोष्टही सामान्य नव्हे. तथापि या चित्रपटांचा विचार गंभीर चित्रपटांच्या शेजारी ठेवून क्वचितच केला जातो. त्यामुळे त्यांच्यावर अन्याय होतो हे खरेच; परंतु त्याहून मोठी हानी गंभीर चित्रपटांच्या आकलनाची होते. एका प्रकारातील चित्रपट जो प्रश्न बंद करतो तोच प्रश्न दुसऱ्या प्रकारातील चित्रपट उघडतो, हे त्या वर्षाचे खरे वैशिष्ट्य आहे. आणि ते दोन्ही प्रकार एकत्र वाचल्यावाचून ध्यानात येत नाही.

२

'प्रकार' या शब्दाचा प्रथम खुलासा करणे आवश्यक आहे. हिंदी चित्रव्यवसायाची स्वतःची वर्गवारी सामाजिक, पौराणिक, ऐतिहासिक व स्टंटपट अशी होती. या वर्गवारीप्रमाणे 'प्यासा' आणि 'पेइंग गेस्ट' हे दोन्ही 'सामाजिक' ठरतात. एकात समाजाने नाकारलेला कवी आहे आणि दुसऱ्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून म्हाताऱ्याचे सोंग घेणारा तरुण वकील आहे. या दोघांना एकाच खणात टाकणारी संज्ञा समीक्षेच्या उपयोगाची नाही हे उघड आहे. पाश्चात्त्य वर्गवारीही येथे फारशी चालत नाही. 'मदर इंडिया' ही एकाच वेळी कौटुंबिक कथा, कृषिजीवनाची कथा आणि उत्तरार्धात दरोडेखोराची कथा आहे. 'पेइंग गेस्ट'चा आरंभ प्रहसनाचा, तर शेवट खुनाच्या खटल्याचा आहे. प्रत्येक चित्रपटात अनेक रसांचे मिश्रण आहे, आणि प्रेक्षकाला ते मिश्रण अपेक्षित आहे.

शिवाय या प्रकारांच्या भिंती निर्मितीच्या दृष्टीनेही पातळ होत्या. साहिर लुधियानवी यांनी 'प्यासा'ची गीते लिहिली आणि 'नया दौर'चीही लिहिली. अवघ्या सहा महिन्यांच्या अंतराने एकाच कवीची वाणी एका पडद्यावर वैभवाचा धिक्कार करते आणि दुसऱ्या पडद्यावर सहकारी श्रमाचा उत्साह गाते. सचिनदेव बर्मन यांनी 'प्यासा', 'नौ दो ग्यारह' आणि 'पेइंग गेस्ट' या तिन्ही चित्रपटांना संगीत दिले, ओ. पी. नय्यर यांनी 'नया दौर' व 'तुमसा नहीं देखा' यांना दिले. जॉनी वॉकर 'प्यासा'त तेलमालिश करणारा आहे, तर 'नया दौर'मध्ये मुंबईहून आलेला वार्ताहर. गुरुदत्त आणि देव आनंद यांची मैत्री पुण्याच्या प्रभात कंपनीत जुळली होती, आणि गुरुदत्त यांचे दिग्दर्शनातील पदार्पण देव आनंद यांच्या नवकेतन संस्थेसाठी केलेल्या 'बाज़ी' (१९५१) या गुन्हेगारीच्या चित्रपटाने झाले होते. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी 'प्यासा'त रात्रीच्या रस्त्यावर जो प्रकाश आणि जो अंधार टिपला आहे, त्याचा अभ्यास अशा गुन्हेपटांतच झालेला होता. हलक्या मानलेल्या प्रकारात कमावलेली दृश्यभाषा गंभीर आशयाच्या कामी आली, असा याचा अर्थ होतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची 'विविध भारती' सुरू झाली, आणि या सर्व प्रकारांतील गीते पुढे एकाच ध्वनिक्षेपकातून घराघरांत पोहोचली. श्रोत्याच्या कानाला तरी हा प्रकारभेद पोहोचला नाही.

तेव्हा प्रकार ओळखण्याची खूण विषयात नाही, रसात नाही आणि कलावंतांतही नाही. ती शेवटात शोधावी लागते. नाट्यशास्त्राने कथावस्तूचे जे पाच संधी सांगितले आहेत त्यांतील अखेरचा संधी निर्वहण होय. विखुरलेली बीजे तेथे एकत्र येतात आणि फलागम होतो. १९५७ च्या चित्रपटांना हा जुना निकष लावला असता एक प्रश्न आपोआप पुढे येतो : फळ कोणाच्या पदरात पडते, आणि त्यासाठी कोणाला बाजूला व्हावे लागते?

३

चारही गंभीर चित्रपटांत प्रतिपक्ष एकच आहे, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. 'मदर इंडिया'त तो सुखीलाला नावाचा सावकार आहे. 'नया दौर'मध्ये तो शहरातून परतलेला कुंदन आहे; तो प्रथम लाकडाच्या कारखान्यात यंत्र आणतो आणि नंतर टांगेवाल्यांच्या वाटेवर बस आणतो. 'दो आँखें बारह हाथ'मध्ये तो बाजारातील व्यापारी आहे. कैद्यांनी पिकविलेला भाजीपाला स्वस्त विकला जाऊ लागताच त्याला तो खुपतो. 'प्यासा'त तो घोष हा प्रकाशक आहे. जिवंत कवीला तो नोकरासारखा वागवितो आणि मृत समजल्या गेलेल्या कवीचे पुस्तक विकून पैसा करतो. सावकार, गिरणीमालकाचा मुलगा, व्यापारी व प्रकाशक या चौघांचे व्यवसाय भिन्न आहेत. परंतु दुसऱ्याच्या श्रमावर नफा हे चौघांचेही सूत्र आहे.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात हे साम्य उत्पन्न व्हावे यात नवल नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की प्रतिपक्ष समान असूनही त्याचे पारिपत्य चार प्रकारांनी होते. सुखीलाला बिरजूच्या हातून मारला जातो, परंतु मारणाराही वाचत नाही. कुंदनची बस टांग्याशी लावलेली शर्यत हरते, आणि यंत्राशी वैर नाही, यंत्राने माणसाला सोबत घेऊन चालावे, अशा समेटाने कथा संपते. व्यापाऱ्याच्या कारस्थानाला जेलर आदिनाथ बळी पडतो, पण त्याने घडविलेली सहा माणसे आणि पिकविलेली जमीन मागे राहते. घोष मात्र जेथल्या तेथे राहतो. त्याला शिक्षा होत नाही, तो सुधारत नाही आणि पराभूतही होत नाही. कवीच निघून जातो.

'दो आँखें बारह हाथ'च्या बाबतीत येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या कथेची कल्पना हवेतून आलेली नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे मुक्त तुरुंगाचा जो प्रयोग झाला तो तिच्या मुळाशी आहे, आणि कथालेखक ग. दि. माडगूळकर हे त्याच माणदेशातील होत. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या रंगीत, नृत्यप्रधान चित्रपटाच्या यशानंतर शांतारामांनी उजाड माळ, कुदळ-फावडी आणि सहा खुनी यांचा कृष्णधवल चित्रपट करावा, यामागे माणदेशाच्या कोरड्या भूमीचे सत्य होते. त्यामुळे या चित्रपटातील आदर्शवाद उपदेशाचा वाटला तरी निराधार वाटत नाही. प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टीवर तो उभा आहे.

४

प्रतिपक्षाकडून विवाहमंडपाकडे वळले म्हणजे गंभीर व हलक्या चित्रपटांचे नाते अधिक स्पष्ट होते. 'मदर इंडिया'च्या सर्व दुःखाचे मूळ एका लग्नात आहे. राधेच्या लग्नासाठी तिच्या सासूने सुखीलालाकडून पाचशे रुपये कर्ज घेतलेले असते आणि त्या कर्जाच्या व्याजापोटी घरातील पिकाचा तीन-चतुर्थांश भाग जात राहतो. शेवटही लग्नातच आहे. सावकाराच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी बिरजू दरोडा घालतो, सावकाराला ठार करतो आणि नववधूला घोड्यावर घालून पळवून नेऊ लागतो. तेव्हा राधा स्वतःच्या मुलावर गोळी झाडते. गावच्या लेकीची अब्रू ती साऱ्या गावाची अब्रू, हा तिचा न्याय आहे. चित्रपटाच्या अंतर्गत तर्काप्रमाणे हा न्याय पूर्ण आहे, आणि नर्गिस यांच्या अभिनयाने त्याला शोकनाट्याची उंची दिली आहे.

आता त्याच वर्षीचा 'नौ दो ग्यारह' पाहावा. तेथेही एक वधू मंडपातून नाहीशी होते. परंतु तिला कोणी पळवून नेत नाही. ती आपण होऊन पळते, पुरुषवेष घेऊन नायकाच्या ट्रकमध्ये लपते आणि दिल्लीहून मुंबईच्या वाटेला लागते. जी घटना एका चित्रपटात पुत्रवधाला कारण होते तीच दुसऱ्या चित्रपटात कथेच्या आरंभाला आणि विनोदाला कारण होते. दोहोंत वधूच्या इच्छेचे स्थान पाहिले म्हणजे फरकाचे मर्म कळते. 'मदर इंडिया'त पळविल्या जाणाऱ्या मुलीला स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. ती बिरजूच्या सूडाचे साधन आहे आणि राधेच्या न्यायाचा विषय आहे. दोन्ही बाजूंनी ती दुसऱ्याच्या अब्रूची खूण आहे. 'नौ दो ग्यारह'मधील नायिकेला मात्र इच्छा आहे, युक्ती आहे आणि प्रवासही आहे.

'नया दौर'मध्येही हा प्रश्न आहे. शंकर आणि कृष्णा हे दोन मित्र एकाच मुलीवर, रजनीवर, प्रेम करतात. तिने देवळात कोणत्या रंगाची फुले वाहिली यावरून तिच्यावर हक्क कोणाचा हे ठरवावयाचे, असे ते दोघे परस्पर ठरवितात. रजनीला विचारावे असे दोघांच्याही मनात येत नाही. फुलांची अदलाबदल होते, मित्रांत वैर येते, आणि त्या वैरामुळे गावाचा सामुदायिक उद्योग धोक्यात येतो. ज्या चित्रपटात गावाने एकत्र येऊन रस्ता बांधावा असा संदेश आहे, त्याच चित्रपटातील एकी एका स्त्रीच्या न विचारलेल्या मतामुळे मोडकळीला येते. लेखक व दिग्दर्शक यांनी या विरोधाकडे मुद्दाम बोट दाखविलेले नाही. परंतु कथेच्या रचनेत तो आहे.

'मुसाफिर' या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. एका भाड्याच्या घरात पाठोपाठ राहून गेलेल्या तीन कुटुंबांची ही कथा असून तीत विवाह, जन्म आणि मृत्यू असा क्रम आहे. पटकथेत ऋत्विक घटक यांचा सहभाग होता. पहिल्या भागातील जोडप्याने घरच्यांच्या संमतीवाचून लग्न केले आहे आणि वधूला सासरच्यांनी आपला स्वीकार करावा अशी ओढ लागलेली आहे. वधूची इच्छा येथे मान्य आहे आणि कुटुंबही मोडावयाचे नाही. हृषीकेश मुखर्जी यांनी पुढे ज्या मध्यमवर्गीय कुटुंबाची कथा अनेक चित्रपटांतून सांगितली तिचे बीज या भागात दिसते. 'प्यासा'तील मीनाने तर आपली निवड आधीच करून ठेवली आहे. कवीच्या दारिद्र्यापेक्षा प्रकाशकाचे घर तिला सुरक्षित वाटले, आणि त्या सुरक्षिततेची किंमत ती चित्रपटभर मोजते. तिला खलनायिका म्हणता येत नाही, हे गुरुदत्त आणि संवादलेखक अब्रार अल्वी यांच्या समजूतदारपणाचे गमक आहे.

५

आता निर्वहणाचा प्रश्न पुन्हा विचारता येतो. 'मदर इंडिया'चा शेवट जेथे आरंभ होता तेथेच येतो. वृद्ध राधा नव्या कालव्याचे उद्घाटन करते, आणि शेतात शिरणाऱ्या पाण्याला क्षणभर रक्ताचा रंग दिसतो. फळ गावाला मिळते, मूल्य आईने चुकविलेले आहे. मेहबूब खान यांनी हीच कथा 'औरत' (१९४०) या नावाने पूर्वी सांगितली होती. नवा कालवा आणि त्याचे उद्घाटन ही स्वतंत्र भारताची भर होय. त्या भरीने एका स्त्रीच्या दुःखाला राष्ट्राच्या उभारणीचा अर्थ दिला, आणि त्याच वेळी ते दुःख त्या अर्थाच्या स्वाधीन केले. 'दो आँखें बारह हाथ'मध्येही फळ समुदायाला मिळते आणि मूल्य एका व्यक्तीचा प्राण असते. 'नया दौर'मध्ये प्राणाचे मूल्य नाही, समेट आहे. या तिघांत मतभेद असला तरी समुदाय टिकला पाहिजे यावर एकमत आहे.

'प्यासा' हे एकमत नाकारतो. स्वतःच्याच स्मृतिसभेत येऊन उभा राहिलेला विजय, जनसमुदाय जयघोष करू लागताच, आपण विजय नव्हेच असे सांगतो. फळ हाती आले असता ते टाकून देणारा हा नायक नाट्यशास्त्राच्या फलागमाला उलटे करतो. अखेरीस तो गुलाबोला बरोबर घेऊन निघून जातो. कोठे, हे सांगितलेले नाही. येथे 'प्यासा' आणि 'नौ दो ग्यारह' अनपेक्षितपणे जवळ येतात. दोहोंत समाजाने ठरवून दिलेल्या जागेतून निघून जाणे आहे आणि ठरलेले नाव टाकणे आहे. 'तुमसा नहीं देखा'त एकाच नावावर हक्क सांगणारे दोघे जण येतात. 'पेइंग गेस्ट'चा नायक वय बदलतो. 'प्यासा'चा नायक नावच नाकारतो. एकात ती गंमत आहे, दुसऱ्यात ती वेदना आहे. परंतु मनुष्याला जन्माने किंवा समाजाने दिलेली ओळख अंतिम मानावी काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे.

मात्र हलक्या चित्रपटांची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. 'नौ दो ग्यारह' व 'तुमसा नहीं देखा' यांत संपत्ती वारशाने येते, आणि खऱ्या वारसाला ती मिळाली की प्रश्न संपतो. ती संपत्ती कोणाच्या श्रमातून उत्पन्न झाली हे तेथे कोणी विचारीत नाही. शेवटी सोंग उतरते, नाते उघड होते आणि पळालेली वधूही संसाराच्या चौकटीत परत येते. स्वातंत्र्य येथे प्रवासापुरते आहे. गंभीर चित्रपटांना श्रम दिसतो, पण वधूचे मत ऐकू येत नाही. हलक्या चित्रपटांना वधूचे मत ऐकू येते, पण श्रम दिसत नाही. त्या वर्षीच्या एकाही चित्रपटाला या दोन्ही गोष्टी पुरेपूर साधल्या नाहीत. 'प्यासा'तील गुलाबो ही त्या दोहोंच्या सर्वांत जवळ येणारी व्यक्तिरेखा होय. ती स्वतःच्या कमाईवर जगते आणि स्वतःच्या इच्छेने निघते. परंतु तिला जाण्यासाठी चित्रपटाजवळ गाव उरलेले नाही.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की वर्ष हे केवळ पंचांगातील एकक आहे. त्याला अर्थ देणे कृत्रिम होय. 'मदर इंडिया'चे मूळ १९४० मधील, 'दो आँखें बारह हाथ'चे मूळ संस्थानी काळातील, तेव्हा त्यांचा १९५७ शी संबंध योगायोगाचा, असे म्हणता येईल. आक्षेप योग्य आहे, पण तो निर्मितीला लागू पडतो, आस्वादाला नव्हे. प्रेक्षकाने हे चित्रपट एकाच वर्षात, पुष्कळदा एकाच चित्रगृहात, पाठोपाठ पाहिले. त्याच्या मनात राधा आणि ट्रकमधून पळालेली वधू शेजारीशेजारी राहिल्या असणार. वर्षाचा अभ्यास हा या शेजाराचा अभ्यास होय.

दुसरा आक्षेप असा की १९५७ चा भारतीय चित्रपट हिंदीपुरता नव्हता. हेही खरे. के. व्ही. रेड्डी यांचा 'मायाबजार' हा तेलुगू पौराणिक चित्रपट त्याच वर्षीचा. आणि सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला व्हेनिस येथे सुवर्णसिंह मिळाला तोही १९५७ मध्येच. विशेष म्हणजे 'मायाबजार'चे सर्व कारस्थान एका ठरलेल्या लग्नातून वधूला सोडविण्यासाठी आहे. शशिरेखेच्या जागी घटोत्कच तिचे रूप घेऊन बसतो. मंडपातून नाहीशी होणाऱ्या वधूचे तिसरे रूप पौराणिक चित्रपटात सापडावे, यावरून हा प्रश्न एका भाषेचा किंवा एका प्रकाराचा नव्हता असे अनुमान बळकट होते. हा धागा अन्य भाषांतील चित्रपटांतून पुढे नेण्यास वाव आहे.

विद्यापीठीय अभ्यासात चित्रपटाला स्थान मिळते तेव्हा ते बहुधा गंभीर चित्रपटालाच मिळते. 'प्यासा' आणि 'मदर इंडिया' अभ्यासक्रमात येतात. 'नौ दो ग्यारह' गाण्यांच्या आठवणीत राहतो. या निवडीमुळे स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकाचे एक अपुरे चित्र विद्यार्थ्यापुढे उभे राहते. त्यात त्याग आहे, समेट आहे, वैराग्य आहे. परंतु आपण होऊन मंडपाबाहेर पडणारी मुलगी नाही. १९५७ साली ती मुलगी पडद्यावर होती. ती हसवीत आली, एवढ्याच कारणाने तिच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष झाले. राधेचा निर्णय का थोर आणि का भयंकर आहे हे नीट कळण्यासाठीही त्या मुलीला तिच्या शेजारी आणून बसविणे अगत्याचे आहे.